तलवारबाजीच्या घरगुती व्हिडिओंमधले इफेक्ट चिकटवल्यासारखे दिसू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की मित्रांबरोबर मोबाइलवर तलवारबाजीचे छोटे व्हिडिओ करता, पण ठिणग्या, रक्त, प्रकाशाचं पातं असं काही घातलं की ते वरून चिकटवल्यासारखं दिसतं. संगणक साधा आहे, सॉफ्टवेअरवर खर्च करायचा नाही, मग काय करता येईल?

पुष्कळ करता येईल. मी हौसेनं हेच करत आले आहे, त्यामुळे मला जे पक्कं पटलंय ते आधी सांगते. वार बसला हे प्रेक्षकाला ठिणगीमुळे कळत नाही, ज्याच्यावर वार झाला त्याच्या शरीरामुळे कळतं. ठिणगी डोळ्यांसमोर क्षणभर असते. त्याआधी तलवारीला वजन होतं का आणि त्यानंतर समोरच्याचा खांदा मागे गेला का, यावर सगळं ठरतं. म्हणून इफेक्टचं निम्मं काम कॅमेऱ्यासमोरच उरकायचं.

फोमची किंवा लाकडाची तलवार हलकी असते आणि हातात आली की माणूस ती छडीसारखी फिरवायला लागतो. वार मनगटातून न काढता कमरेतून काढायला सांगा. पातं थांबवताना थोडं उशिरा थांबू दे, जड वस्तू जागच्या जागी थांबत नाही. वार अडवणाऱ्यानं गुडघे किंचित वाकवून तो अंगावर घ्यायचा. एवढं जमलं तर इफेक्ट न घालताही शॉट पाहण्याजोगा होतो. हे जमलं नसेल, तर कुठलाही इफेक्ट त्याला वाचवू शकत नाही.

सुरक्षेबद्दल दोन वाक्यं, पण मनापासून. धारदार तर नाहीच, बोथट पोलादही नको. डोळ्याला टोक लागायला धार लागत नाही. वार नेहमी शरीराच्या बाजूला किंवा अलीकडे थांबेल असा बसवा, आधी निम्म्या वेगानं सराव करा आणि प्रत्येक वाराआधी दोघांची नजरानजर होऊ द्या. कॅमेऱ्यात अंतर लपतं. कॅमेरा लांब ठेवून झूम केलं की पुढच्या-मागच्या माणसांमधली जागा आक्रसलेली दिसते आणि हातभर लांबून गेलेला वारही लागल्यासारखा वाटतो. मात्र त्यासाठी वाराची दिशा कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत हवी. बाजूनं पाहिलं तर मधली फट लगेच उघडी पडते.

आता कॅमेरा. मोबाइल भर उन्हात शटर फार वेगवान करतो. त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये पातं स्पष्ट, गोठलेलं दिसतं आणि हालचाल तुटक वाटते. आपल्याला पात्याचा फराटा, म्हणजे हालचालीमुळे पसरलेली पुसट प्रतिमा, हवा असतो. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटरचा वेग १/५० सेकंदाच्या आसपास ठेवा. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर हातानं सेटिंग करता येणारं एखादं कॅमेरा अॅप घ्या. उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरंफटक होतं, म्हणून सावलीत किंवा संध्याकाळी चित्रीकरण करा, नाहीतर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावा. फराट्याचा आणखी एक फायदा असा की चंदेरी रंग दिलेली लाकडी तलवार त्यात खपून जाते. स्थिर दिसली की ती राखाडी फळी वाटते, कारण खरं पातं आसपासचं सगळं आरशासारखं परावर्तित करतं. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका; मधेच उजेड बदलला तर पुढचं प्रत्येक काम दुप्पट होतं.

शक्य असेल तेव्हा ट्रायपॉड वापरा आणि लढाई संपली की सगळ्यांना बाजूला करून रिकाम्या जागेचं पाच-दहा सेकंद चित्रीकरण करून ठेवा. याला क्लीन प्लेट म्हणतात. फ्रेममधून काहीही पुसायचं असेल, मग ते पात्याचं टोक असो नाहीतर एखादी दोरी, त्या जागी हीच रिकामी पार्श्वभूमी मास्क (चित्राचा हवा तेवढाच भाग निवडणारा आकार) लावून दाखवता येते. एकाच माणसाला स्वतःशी लढवायचं असेल तेव्हाही स्थिर कॅमेरा आणि मास्क एवढंच लागतं, फक्त दोघांच्या तलवारी एकमेकींना ओलांडतात ती जागा नीट ठरवून घ्यावी लागते.

प्रत्यक्ष टोल्याचा क्षण बहुतेक सगळे वाया घालवतात. एडिटिंगमध्ये टोल्याच्या लगेच आधीची एक किंवा दोन फ्रेम काढून टाका. पातं जणू उडी मारून पोचतं आणि टोला दणदणीत वाटतो. मग टोल्याच्या फ्रेमपासून दोन-तीन फ्रेम चित्र थोडं हलवा, वाराच्याच दिशेनं. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून शॉट आधीच १०५ टक्के मोठा करून ठेवा. सगळी लढाई मिळमिळीत वाटत असेल तर वेग १०८-११० टक्के करून पाहा. त्याहून पुढे गेलात तर कपड्यांची आणि केसांची हालचाल चुगली करते.

माझा सगळ्यात आवडता इफेक्ट कसलंही सॉफ्टवेअर मागत नाही. जिथे वार बसल्यासारखा दाखवायचा आहे तिथे कपड्यावर थोडी टाल्कम पावडर किंवा कोरडी माती आधीच लावून ठेवा आणि अभिनेत्याला त्या क्षणी आतून झटका द्यायला सांगा. मागून प्रकाश पडत असेल तर उडालेली धूळ सुंदर चमकते. ती त्याच जागेत, त्याच उजेडात उडालेली असते, त्यामुळे चिकटवल्यासारखी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तोंडावर उडणार नाही एवढं बघा, आणि जवळ ज्योत असेल तर हा प्रकार करू नका.

ठिणग्यांकडे वळू. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित केलेल्या ठिणग्यांच्या क्लिप मोफत मिळतात, किंवा ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या पार्टिकल सिस्टिमनं (बारीक कण उडवण्याची सोय) त्या स्वतः तयार करता येतात. ग्राइंडरनं खऱ्या ठिणग्या उडवायला जाऊ नका. क्लिप शॉटवर ठेवून ब्लेंड मोड (वरचं चित्र खालच्यात मिसळण्याची रीत) ‘स्क्रीन’ किंवा ‘अॅड’ केला की काळं नाहीसं होतं आणि फक्त उजेड उरतो, कारण हे मोड खालच्या चित्रात प्रकाशाची भर घालतात. रक्ताच्या बाबतीत मात्र हेच करून लोक फसतात. रक्त उजेड देत नाही, अडवतं. ते पांढऱ्या पार्श्वभूमीवर चित्रित करून ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये लावायचं असतं. स्क्रीन लावलं तर ते गुलाबी धुरासारखं दिसतं. तुमचं रक्त चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण बहुधा हेच असेल.

ठिणग्या खऱ्या वाटायला आणखी थोडी मेहनत लागते. वार ज्या दिशेनं गेला त्या दिशेला त्या उडाल्या पाहिजेत, मग खाली वळल्या पाहिजेत. ठिणगीपुढे कुणाचा हात असेल तर त्या हाताचा मास्क करून ठिणगी त्याच्या मागे घाला. या एका गोष्टीनं ती दृश्याच्या आत जाते. आणि पहिल्या एक-दोन फ्रेमपुरता जवळच्या चेहऱ्यांवर, पात्यांवर मऊ कडांचा मास्क लावून उजेड वाढवा, थोडा नारिंगीकडे झुकवून. शेवटचं म्हणजे कंजूषपणा करा. खऱ्या तलवारी प्रत्येक टोल्याला ठिणग्या सोडत नाहीत. सगळ्या लढाईत एखाद्या निर्णायक टोल्याला ठिणगी उडाली तर ती लक्षात राहते.

तलवार आरपार गेल्याचं दाखवणं वाटतं तितकं अवघड नाही. ज्याला भोसकायचं तो कॅमेऱ्याला बाजू दाखवून उभा राहतो आणि पातं त्याच्या धडाच्या पलीकडून, धड आणि पलीकडचा हात यांच्या मधून, सावकाश आणि ठरलेल्या जागी जातं. कॅमेऱ्याला ते शरीरात गेल्यासारखं दिसतं. लगेच कट करून त्याचा चेहरा दाखवा. तिसऱ्या शॉटमध्ये पुठ्ठ्याचं किंवा फोमचं अर्धं कापलेलं पातं त्यानं पोटाशी धरलेलं असतं आणि टोकाचा तुकडा पाठीमागे पट्ट्यात खोचलेला असतो. डोकं किंवा हात तोडल्याचं दाखवायचं असेल तर त्याहून जुनी युक्ती आहे: कॅमेरा जागचा हलवायचा नाही, अभिनेत्यानं स्तब्ध व्हायचं, चित्रीकरण थांबवून त्याच्या जागी पुतळा ठेवायचा आणि पुन्हा सुरू करायचं. १८९५ मध्ये एडिसनच्या कंपनीनं एका राणीचा शिरच्छेद पडद्यावर दाखवला तो याच रीतीनं, आणि आजही ती तितकीच चालते.

प्रकाशाच्या पात्यासाठी मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच धीर सुटतो. यामागचं तंत्र रोटोस्कोपिंगचं आहे. चित्रित झालेल्या हालचालीवर एकेक फ्रेम घेऊन आकार काढायचा. अॅनिमेशनपट करणारे मॅक्स फ्लायशर यांना या पद्धतीचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं, आणि शंभर वर्षांनंतरही काम तेच आहे, फक्त कागदाच्या जागी पडदा आला. २५ फ्रेमच्या हिशेबानं चार सेकंदांचा शॉट म्हणजे १०० फ्रेम. म्हणून असे शॉट छोटे ठेवा आणि मधे चेहऱ्यांचे, पावलांचे शॉट घाला.

चित्रीकरणात पार्श्वभूमीहून वेगळा दिसणाऱ्या फिकट रंगाची गोल नळी वापरा. मग दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतल्या फ्यूजन या इफेक्टच्या विभागात किंवा ब्लेंडरच्या मास्क एडिटरमध्ये तिच्याभोवती चार-सहा बिंदूंचा आकार काढा. हालचालीच्या टोकाच्या फ्रेमवर कीफ्रेम ठेवा (तिथे आकार हातानं बसवायचा, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं), मग बरोबर मधल्या, मग त्यांच्या मधल्या. ओळीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलात तर आकार थरथरतो. आणि आकार नळीचा काढू नका, फराट्याचा काढा. जोरात फिरताना एका फ्रेममध्ये नळी मुठीशी अरुंद आणि टोकाशी रुंद अशा पंख्यासारखी पसरते, तो सगळा पंखा पांढरा झाला पाहिजे. बहुतेक हौशी व्हिडिओंत तिथे सरळ काठी काढलेली असते आणि म्हणूनच ती तरंगताना दिसते.

पांढरा आकार झाला की कडा अगदी किंचित मऊ करा. मग त्याच्याच तीन प्रती काढून त्यांना हवा तो रंग द्या. पहिलीला थोडा ब्लर (धूसरपणा), दुसरीला बराच, तिसरीला भरपूर, आणि तिन्ही स्क्रीन मोडमध्ये. एकाच मोठ्या ब्लरनं चमक चपटी दिसते, तीन थरांनी ती हवेत विरत गेल्यासारखी वाटते. पातं डोक्यामागून जात असेल तर पांढऱ्या गाभ्याला मास्क लावा, पण बाहेरची चमक डोक्याच्या कडेवर थोडी सांडू द्या, खरा उजेडही तसाच सांडतो. अंधाऱ्या शॉटमध्ये चित्रीकरणाच्या वेळीच कुणीतरी त्या रंगाचा एलईडी दिवा चेहऱ्याजवळ फिरवला तर पुढचं किती काम वाचतं ते तुम्हीच बघाल. त्वचेवर पडलेला खरा रंगीत उजेड नंतर हुबेहूब तयार करणं फार कठीण असतं.

आवाजाला इफेक्टइतकाच वेळ द्या. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी प्रकाशाच्या तलवारीचा आवाज प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइकमध्ये येणारी गुणगुण एकत्र करून बनवला. पातं फिरल्याचा भास आणण्यासाठी तो आवाज स्पीकरवर लावून त्यांनी समोरून माइक फिरवला. तुम्हीही हे करू शकता: कुठल्याही मोटरची घरघर रेकॉर्ड करा, स्पीकरवर वाजवा, समोरून मोबाइल हलवा आणि ऑडॅसिटी या मोफत ध्वनी सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ करा. साध्या तलवारीसाठी पातळ छडी माइकजवळून फिरवून सपकाऱ्याचा आवाज घ्या. टोल्यासाठी दोन थर हवेत, धातूचा खणखणाट आणि त्याखाली काहीतरी जड आपटल्याचा ठोका. नुसता खणखणाट असेल तर भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं. आवाज टोल्याच्या फ्रेमवर ठेवून पाहा, मग एक फ्रेम आधी सरकवून पाहा, आणि कानाला पटेल तो ठेवा.

साध्या संगणकाबद्दल: बरेच मोबाइल फ्रेमचा वेग बदलता ठेवून चित्रीकरण करतात, त्यामुळे आवाज हळूहळू पुढेमागे होतो आणि रोटोस्कोपिंगचं गणित चुकतं. सगळ्या क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेम दरात बदलून घ्या, मगच कामाला लागा. एडिटिंग करताना रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, वापरा. ज्या सेकंदांवर इफेक्ट आहे तेवढेच तुकडे पीएनजी चित्रांच्या मालिकेत (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल) काढून ब्लेंडरमध्ये न्या. मधेच संगणक अडकला तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि पुढच्या फ्रेमपासून काम सुरू करता येतं.