दूरसंचार, अंगातला संचार आणि जात्यावरचं दळणवळण

प्रश्न आला आहे: ‘आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ’ या नावात ‘संचार’ हा शब्द बरोबर आहे का?

चालतो. रुळलाय. पण त्याच्या आडून ‘संचार कौशल्य’ आणि ‘आम्हा दोघांत संचारच उरला नाही’ असलं काही कानावर आलं की माझ्याच अंगात संचार होतो! मराठीत संचार देवीचा होतो, भुताचा होतो, आणि दंगल झाली की त्यावर बंदी येते. बोलणं थांबलं तर संवाद तुटतो, संचार नव्हे.

खरी मजा ‘टेलिकम्युनिकेशन’मध्ये आहे. हा शब्द १९०४ साली घडवला एदुआर एस्तोनिए या फ्रेंच अभियंत्याने (गृहस्थ कादंबऱ्याही लिहायचे). ‘टेली’ ग्रीक, उरलेला लॅटिन. या खिचडीवर नाकं मुरडणारे मुरडोत. लॅटिन ‘कोम्युनिस’ म्हणजे ‘कोम’, सोबत, अधिक ‘मुनुस’, वाट्याचं काम. म्हणजे मुळात बोलणं नाहीच, काम वाटून घेणं!

आता आपलं ‘दळणवळण’ पाहा. यातलं ‘वळण’ नुसतं यमकाला जोडलेलं आहे, असं सांगणारे पंडित आहेत. त्यांनी बहुधा शेवया कधी वळल्या नसाव्यात. जात्याला दोघी लागतात, लाडू-शेवया वळायला शेजारणी लागतात. दळण-वळण म्हणजे घरोघरची कामाची देवघेव. हे मत माझं आहे, कोशांचं नाही. पण मी ते सोडणार नाही. आता दरड कोसळून घाट बंद पडला की तेवढ्यापुरता हा शब्द बातमीत येतो, हे त्याचं दुर्दैव.

आणि तो संघ निघाला तो नेमका अशाच देवघेवीसाठी. त्याआधी युरोपात तार सरहद्दीवर अडायची. कारकून ती कागदावर उतरवून पलीकडच्याच्या हातात द्यायचा, तो ती आपल्या तारेवरून पुन्हा पाठवायचा. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० राष्ट्रांनी करार केला: मोर्सची लिपी सगळ्यांची एक, दर ठरलेले, आलेल्या पैशाची वाटणीही ठरलेली. एकाने दळायचं, दुसऱ्याने वळायचं. तेव्हा तो नुसता तार-संघ होता. १९३२ला माद्रिदमध्ये रेडिओवाल्यांचा करारही त्यात मिळवला आणि एस्तोनिएचा शब्द नावात आला.

हां, तुमचा प्रश्न. ‘दूरसंचार संघ’ राहू द्या, पाट्या रंगवून झाल्यात. फक्त ‘संचार कौशल्या’च्या वर्गाची जाहिरात मला पाठवू नका.