दुकानाच्या डेटाचा बॅकअप असा घे
नारायण पेठेतल्या तुझ्या दुकानाचा सगळा हिशेब एकाच कॉम्प्युटरवर आहे, ते आधी बदल. मूळ धरून ३ प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक कोथरूडला घरी. बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नकोस. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं की तिच्यातल्या फायलीही जातात. कॉपी झाली की लगेच काढ.

पेनड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाइल जात नाही ना? तो फॅट३२ (फायली साठवायची जुनी पद्धत) असणार, त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. आतलं सगळं काढून घे, मग एनटीएफएस या नव्या पद्धतीत फॉरमॅट कर.

आणि हे अजिबात टाळू नकोस: महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखादं जुनं बिल शोध. सापडलं नाही, तर त्याच दिवशी नवी प्रत घे.