जिवंत देव, जिवंत झरा आणि एक वेलांटी

बेळगावच्या एका वाचकाने ख्रिस्ती प्रार्थनासभेच्या पत्रकावरचा मथळा पाठवलाय: 'जीवंत देव आणि मृत मूर्ती'. विचारणा अशी, की शुद्ध काय, जिवंत की जीवंत? आणि देवाला 'जिवंत' म्हणणं मराठी कानाला खटकत नाही का?

आधी वेलांटी, कारण तिने डोकं उठवलंय. जिवंत, जिवलग, जिव्हाळा हे तिन्ही ह्रस्व. 'जीवन' संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून दीर्घ. जिवंत प्राकृताच्या वाटेने घासत आला, त्याला तद्भवाचा, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेल्या शब्दाचा, नियम. 'जीवंत'चं खापर नेहमी हिंदीवर फुटतं. सीमाभागापुरतं मला ते पटत नाही. कन्नडमध्ये हाच शब्द हाच अर्थ घेऊन 'जीवंत' असा दीर्घच लिहितात. निपाणी-खानापूरकडे एकाच टेबलावर दोन्ही भाषांचा मजकूर जुळवला जातो, तिथे कन्नडची दुसरी वेलांटी मराठी ओळीत अलगद उतरते.

आता फोड. 'जीव + वंत', धनवंतासारखं, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकच विचारावं: धनवंतात 'धन' अख्खं राहतं, गुणवंतात 'गुण' अख्खा राहतो, मग इथलाच एक 'व' कोणी खाल्ला? हा प्रत्यय 'वंत' नाहीच. संस्कृत 'जीवन्त्', म्हणजे जगत असलेला, प्राकृतात जीवंत, मराठीत जिवंत. साचा 'ज्वलंत'चा: जळत असलेला. जिवंत म्हणजे जीव बाळगणारा नव्हे, जगणं ज्याचं चालू आहे तो. वाचकांना खटकतंय ते त्या चुकीच्या फोडीमुळेच. जीव बाळगणारा म्हटला की तो जाण्याची भीती आली, आणि देवाच्या बाबतीत ती विचित्र वाटणारच.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात पेत्र हा शिष्य येशूला 'जिवंत देवाचा पुत्र' म्हणतो. तिथला मूळ ग्रीक शब्द 'झोन्तोस'. त्याचा धातू, म्हणजे क्रियेचं मूळ रूप, आपल्या 'जीव्'चा सख्खा भाऊ आणि त्यातला 'न्त' तोच आपल्या 'जीवन्त्'मधला. जुन्या कन्नड बायबलात याच जागी 'जीवस्वरूपनाद देवरु' आहे. भारदस्त आहे, अर्थही चुकीचा नाही. पण चालू क्रियेचं नाम केलं की तिचं चालणंच थांबतं. इथे मराठी सरस.

पण खरी गंमत हिब्रूत, म्हणजे बायबलातल्या जुन्या कराराच्या मूळ भाषेत आहे. देवासाठी 'एलोहीम खय्यीम' आणि वाहत्या पाण्यासाठी 'मायिम खय्यीम'. विशेषण एकच, रूपही एकच! त्यातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात इसहाकाचे चाकर खोऱ्यात खणतात आणि त्यांना 'जिवंत पाण्याची' विहीर लागते. यावर आपल्याकडे कोणाला टीप लागू नये. विहीर तळापर्यंत उपसली आणि रात्रीतून पाणी पुन्हा चढलं, की आपणही म्हणतोच: झरा जिवंत आहे. नुसतं साठलेलं पाणी उपसलं की संपलं.

यिर्मया हा संदेष्टा नेमका हाच फरक वापरतो. त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, लोकांनी मला, जिवंत पाण्याच्या झऱ्याला, सोडलं आणि स्वतःसाठी हौद खोदले, तेही फुटके. त्या मुलखात चुनखडीच्या खडकात टाकी खोदून आतून गिलावा करत. खडकाला चीर असायची, गिलावा सुटायचा, पावसाचं साठवलेलं पाणी झिरपून जायचं आणि ऐन उन्हाळ्यात तळाशी गाळ उरायचा. दहाव्या अध्यायात तोच यिर्मया मूर्तींना काकडीच्या मळ्यातलं बुजगावणं म्हणतो आणि पाच ओळींनी 'जिवंत देव' हा शब्द आणतो. म्हणून माझं म्हणणं, की 'जिवंत देव' वाचताना आधी श्वास आठवू नये, झरा आठवावा. धर्मशास्त्री याला शब्दखेळ म्हणतील. म्हणोत. कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

आणि आता 'मूर्ती'. धातू 'मूर्च्छ्': घट्ट होणे, थिजणे. त्यातूनच मूर्त, मूर्ती आणि (हो!) मूर्च्छा. बायबलातल्या ओतीव मूर्तीचा हिब्रू शब्द 'मस्सेखा', तो 'ओतणे' या धातूवरून. रस ओतला, थिजला, मूर्ती झाली. एकीकडे वाहतं ते, दुसरीकडे थिजलेलं ते. ही जोडी मराठीत नेमकेपणाने जुळते, आणि पत्रक लिहिणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

'मृत मूर्ती' मात्र साफ चूक. मरायला आधी जगावं लागतं. बायबलातलं स्तोत्र 115 मूर्तींची तोंड, डोळे, कान, नाक, हात, पाय, गळा अशी झडती घेतं, पण त्या मेल्या असं म्हणत नाही. मुळात जीव नव्हताच, असा त्याचा रोख आहे. त्याला शब्द 'निर्जीव'. प्राणप्रतिष्ठा मानणारा शेजारी तोही मान्य करणार नाही, पण ते भांडण धर्माचं, वेलांटीचं नव्हे.

राहिलं खटकण्याचं. मराठीत 'देव घासले', 'देव पाण्यात ठेवले' म्हणतात तेव्हा देव म्हणजे देव्हाऱ्यातल्या मूर्ती आणि टाकच असतात. नुसत्या 'देव' शब्दाने ख्रिस्ती लेखकाचं काम भागत नाही, त्याला विशेषण लागतंच.

पत्रक पुन्हा छापणार असाल तर 'जिवंत'च्या जि-ला पहिली वेलांटी, 'निर्जीव'च्या जी-ला दुसरी. उलटसुलट करू नका. तेही छापलेलं पाहण्यात आलंय.