गणवेशातील साधे दिवस

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात जाण्याचा विचार करीत आहे. पडद्यावर दिसते तसेच तेथील आयुष्य असते का? आपण अनेक वर्षे गणवेशात काढलीत, म्हणून विचारते.

उत्तर : पडद्यावर चकमक दिसते, प्रत्यक्षात नोकरीचा बराचसा काळ वाट पाहण्यात, पहारा देण्यात आणि सामान मोजून घेण्यात जातो. रात्रीचा पहाराच घ्या. डोळे अंधाराला सरावायला सुमारे 30 मिनिटे लागतात आणि कोणी बेफिकीरपणे काडी ओढली की ती तयारी क्षणात वाया जाते. अंधारातील वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे, हे आम्ही नवख्यांना आधी शिकवत असू, कारण अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात. पहाटे 3 वाजता झुडूप हलले की माणूस, हे ठरवताना शौर्यकथा नव्हे, हेच कामी येते.

शरीराचीही झीज होते. रायफलचा आवाज 140 डेसिबलहून अधिक असतो आणि अंतर्कर्णातील संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. माझ्या डाव्या कानात आजही शिट्टी वाजते; कानात बोळे घालणे तेव्हा आम्हाला भित्रेपणाचे वाटे, जो निव्वळ मूर्खपणा होता.

सोबत्यांचा जिव्हाळा मात्र खरा. निवृत्तीनंतर मला सर्वांत जड गेली ती मोकळीक. पहिले कित्येक महिने मी पहाटे उठून, बूट चकचकीत करून नुसताच बसून राहत असे. मुलाने नुकत्याच निवृत्त झालेल्या एखाद्या शिपायाला भेटावे आणि पराक्रमाऐवजी त्याच्या एखाद्या साध्या मंगळवाराबद्दल विचारावे.