रंग न सांगता रंग दाखवणारे

चि.स अनेक आशीर्वाद.

करकपात मागणारा प्रत्येक अमेरिकन वर्णद्वेषी असतो, हे वाक्य तुझ्या निबंधात दोनदा आलंय. दोन्ही ठिकाणी खोडून टाक. ते खरं नाही, आणि ज्याला कर खरोखरच जड जातो तो वाचक तिथेच निबंध मिटेल. तुला दाखवायचंय ते निराळं आहे: कराच्या भांडणात रंगाचं नाव न घेता रंग आणतात कसा?

रोनाल्ड रेगन यांचा 1976चा, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीचा प्रचार घे. करदात्यांच्या पैशावर जगणाऱ्यांचा नमुना म्हणून ते सभेत सांगायचे: शिकागोची एक बाई, 80 नावं, 30 पत्ते, सरकारी मदत लाटून वर्षाला दीड लाख डॉलर करमुक्त उत्पन्न. बाई खरी होती, लबाडही होती. पण कोर्टात शाबित झालेली रक्कम नऊ हजार डॉलरही भरत नव्हती. त्या वर्णनात तिचा रंग नव्हता. गरजच काय? 'शिकागो' आणि 'सरकारी मदत' म्हटलं की गोऱ्या श्रोत्यापुढे काळी बाई उभी राहायची. गरिबीच्या बातम्यांना काळ्यांचे फोटो, गरिबांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त, छापून नियतकालिकांनी साठीच्या दशकाच्या मध्यापासून ती सवय लावलीच होती. आणि मुलं असलेल्या गरीब कुटुंबांना मिळणारी रोख मदत त्या वेळी केंद्राच्या खर्चात शंभरातले दोन डॉलरही नव्हती. हा आकडा निबंधात हवाच.

गृहकर्जाच्या व्याजावरची करसूटसुद्धा सरकारी तिजोरीलाच भारी पडते. पण तिच्या लाभार्थ्याचं चित्र कुणी सभेत रंगवत नाही. (न्यू जर्सीत घर घेतलेली आपली काही मंडळीही ती घेतात, आणि 'फुकट्यां'वर तावातावाने बोलतात. त्यांना हे सांगून बघ.)

रिपब्लिकन रणनीतीकार ली ॲटवॉटर यांची 1981ची मुलाखत तू वापरलीस ते छान. पूर्वी उघड शिवी चालायची, 1968पर्यंत ती अंगलट येऊ लागली, मग 'राज्यांचे हक्क' (म्हणजे केंद्राने राज्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये) ही भाषा आली, आणि आता करकपातीसारखं निव्वळ आर्थिक बोलणं, ज्याचा फटका गोऱ्यांपेक्षा काळ्यांना जास्त बसतो, असा तो क्रम त्यांनीच सांगितला. पण तू तिथेच थांबलास. भाषा इतकी अमूर्त झाली म्हणजे वंशाचा प्रश्न मिटत चाललाय, असंही ते त्याच ओघात म्हणतात. मला ते पटत नाही. तरी तो भाग घे आणि त्याचा प्रतिवाद कर. गाळलास तर तुझे प्राध्यापक नेमकं तेच विचारतील.

दुसरा खर्डा पाठव.

तुझा,
काका