दोन तासांचे युद्ध की दहा भागांचे?

आपण विचारले आहे की, युद्धावरचे चित्रपट एकसारखेच वाटू लागले असताना त्याच विषयावरच्या लांबलचक मालिका पाहण्यात काही अर्थ आहे का, आणि पाहायच्या तर सुरुवात कुठून करावी. गेली पंचवीस-तीस वर्षे या प्रकारातले मिळेल ते पाहत आलो आहे, त्या भांडवलावर लिहितो.

माझ्या मते युद्धपट बहुधा दोन चकमकींच्या मधल्या वेळात फसतो. सैनिकाचे बहुतेक आयुष्य वाट पाहण्यात, चालण्यात, खंदक खणण्यात आणि झोपेशी झगडण्यात जाते, आणि पडद्यावर नेमके हेच कापले जाते. आमचे थोरले काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ‘बॉर्डर’ टीव्हीवर लागला की ते शेवटपर्यंत बसत, पण गोळाबारीत नायकाचे संवाद सुरू झाले की हमखास म्हणत, “आरं, तोफ सुटल्यावर घटकाभर कानात नुसती शीळ वाजत्या, आणि हे बोलत्यात कसं?”

त्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार मात्र वेगळी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे सुमारे १२० जवान होते, समोर पाकिस्तानी रणगाडे होते, आणि जैसलमेरची हंटर लढाऊ विमाने उजाडल्याशिवाय मदतीला येऊ शकत नव्हती. पहाटेची ती वाट पाहणे हेच त्या रात्रीचे खरे नाट्य, आणि चित्रपटात ते आहेही. तरीही तेवढ्यावर न भागल्यासारखी त्यात एकामागून एक हौतात्म्ये रचली आहेत. प्रत्यक्षात आपले दोन जवान कामी आले, आणि पडद्यावर मरण पावलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. जिवंत माणसाला पडद्यावर मारल्याशिवाय त्याचे शौर्य आपल्याला पटत नाही, हे प्रेक्षक म्हणून मला खटकते.

आपल्या ऐतिहासिक मालिकांचेही तेच. जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम ज्याने केली आहे, त्याला मसाई पठारावरचे धुके, मोज्यांत शिरलेल्या जळवा आणि दर पावलाला चिखलातून उपसून काढावा लागणारा बूट आठवेल. आपण दिवसा, पाठीवर जेवणाचे डबे घेऊन चालतो. जुलै १६६० मध्ये ती माणसे रात्री पालखी घेऊन धावली आणि त्यानंतर खिंडीत उभी राहिली. मालिकेत मात्र खिंडीत पोहोचलेल्या मावळ्याच्या अंगरख्याची इस्त्रीही मोडलेली नसते.

आता मूळ प्रश्न. लांबीने काय फरक पडतो, हे एकाच कलाकृतीत पाहायचे असेल तर वोल्फगांग पीटरसन यांचा ‘दास बूट’ पाहावा. जर्मन पाणबुडीवरचा हा चित्रपट १९८१ मध्ये सुमारे अडीच तासांचा होता. पुढे त्याच चित्रीकरणातून टीव्हीसाठी सुमारे पाच तासांची मालिका झाली. वाढलेल्या वेळात लढाया फारशा वाढल्या नाहीत. वाढला तो कंटाळा, दाढ्या, कुबट हवा आणि एकमेकांवरची चिडचिड. त्यामुळे संकट येते तेव्हा आपणही त्या लोखंडी नळकांड्यात कित्येक दिवस कोंडलेले असतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांवरच्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ (२००१) या मालिकेचे दहा भाग त्यानंतर. त्यातला बेल्जियममधल्या बास्टोन गावाच्या वेढ्याचा भाग एका वैद्यकीय सैनिकाचा आहे. तो बर्फात या खड्ड्यातून त्या खड्ड्यात पट्ट्या आणि मॉर्फिन मागत फिरतो. एवढ्याशा गोष्टीवर आख्खा भाग बेतण्याची चैन चित्रपटाला सहसा परवडत नाही.

तरीही लांबी म्हणजे गुणवत्ता, असे मी म्हणणार नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश सैन्याच्या सुटकेवरचा ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘डंकर्क’ (२०१७) दोन तासांहून कमी असून त्यात वाट पाहण्याखेरीज जवळजवळ काही नाही, आणि तो पकड सोडत नाही. (१९४० मध्ये तिथे खेचरे घेऊन गेलेल्या भारतीय तुकड्याही होत्या, चित्रपटात त्यांचा मागमूस नाही, याची रुखरुख वेगळी.)

तेव्हा सुरुवात ‘दास बूट’च्या लांब आवृत्तीपासून करावी. ती मूळ जर्मन आवाजात आणि शक्यतो हेडफोन लावून पाहावी; पाणबुडी खोल जाऊ लागते तेव्हा सगळे वर बघत गप्प उभे असतात, आणि पाण्याच्या दाबाने कुठेतरी एक बोल्ट गोळीसारखा सुटतो, तो आवाज टीव्हीच्या स्पीकरवर निम्मा हरवतो.