सोसायटीचं पाण्याचं बिल अचानक दुप्पट आलं, पण ओल कुठेच दिसत नाही. गळती कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की मुंबईतल्या तुमच्या चाळीस घरांच्या सोसायटीचं बिल दुपटीहून जास्त आलं, माणसं तेवढीच आहेत, आणि कमिटी म्हणते मीटर बिघडलाय. आमच्या सोसायटीत पाण्याचं काम मी बघतो, त्यावरून सांगतो: मीटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. यांत्रिक मीटर जुना झाला की सहसा कमी नोंद करतो, जास्त नाही. पाणी सुटताना पाइपातली हवा थोडा वेळ काटा फिरवते हे खरं, पण ते रोजचंच आहे. त्याने एकाच बिलात एवढी उडी येत नाही.

आधी बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतो का बघा. मीटर बंद किंवा पाण्यात बुडालेला असेल तर बिल सरासरीने काढलेलं असू शकतं. मग भांडण वेगळं आहे, गळतीचं नाही.

बिल दुप्पट म्हणजे वापर दुप्पट, असंही समजू नका. मुंबईत दर टप्प्याटप्प्याने चढतो. माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० ला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट, त्यापुढे चौपट. तुमच्याकडे घरटी पाच धरून २०० माणसं आणि रोजचा वापर २९ हजार लिटर असेल, तर सगळं मूळ दरात बसतं. त्यात रोज १५ हजार लिटर गळायला लागले की वापर दीडपट होतो, पण पहिले ३० हजार मूळ दराने, पुढचे १० हजार दुप्पट आणि उरलेले ४ हजार तिप्पट दराने लागून पाण्याचा आकार दुपटीच्या वर जातो. मलनिःसारण आकारही त्याच्याच टक्केवारीत वाढतो.

आता हे १५ हजार लिटर जातात कुठे? माझा पहिला संशय जमिनीखालच्या टाकीच्या बॉल कॉकवर, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळावर. पाणी पहाटे येत असेल तर तेव्हा सगळे झोपलेले. टाकी भरली, बॉल कॉक अडकला, की जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून सरळ गटारात. ओल दिसणार कशी? एकदा पाण्याच्या वेळी कुणीतरी टॉर्च घेऊन तिथे उभं राहा, पाणी सुटल्यापासून जाईपर्यंत.

तिथे काही सापडलं नाही तर पाणी चालू असतानाच टाकीत येणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि मीटर बघा. मीटरवरचं छोटं चाक तरीही फिरत असेल, तर मीटर ते टाकी या पाइपात गळती आहे. चाक थांबलं तर तो पाइप ठीक. पुढे, पुरवठा संपल्यावर रात्री पंप बंद ठेवून टाकीच्या झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर काठीने मोजा आणि सकाळी पाणी यायच्या आत पुन्हा मोजा. पातळी उतरली असेल तर टाकीला तडा आहे. गच्चीवरच्या टाकीलाही असंच, फक्त खाली उतरणाऱ्या लाइनचे व्हॉल्व्ह बंद करून. तिचा ओव्हरफ्लोही बघा. पंप बंद करायचा राहून गेला की पाणी तिथूनच जातं.

मीटर ते टाकी हा तुकडा गळका निघाला तर दुरुस्ती लगेच करा, पैशापेक्षा तब्येतीसाठी. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा थांबला की पाइपातला दाब पडतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं, त्यातूनच गटाराचं पाणी आत येऊ शकतं. सोसायटीत जुलाब-उलट्या किंवा कावीळ सुरू झाली असेल तर पाणी उकळूनच प्या आणि वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागाला आजच कळवा. रस्त्यावरच्या लाइनची गळती पालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर नोंदवता येते.

हे सगळं ठीक निघालं तर घरं राहिली. नळाचा थेंब लगेच दिसतो, फ्लशची टाकी मात्र आवाज न करता गळते. टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलंय. पाच मिनिटांना एक लिटर हा वेग अगदी किरकोळ वाटतो, पण दिवसाचे २८८ लिटर होतात, म्हणजे जवळजवळ दोन माणसांचं पाणी. अशी चाळीसपैकी दहा घरं सहज निघतात.

इथे काही सभासद म्हणतील, आमच्या घरात बघायला येऊ नका. त्यांना आदर्श उपविधी, म्हणजे सहकारी सोसायट्यांची नमुना नियमावली, दाखवा. पाण्याचा आकार प्रत्येक घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवरून वाटला जातो, घरातल्या प्रत्यक्ष वापरावरून नाही. म्हणजे एकाच्या फ्लशचे पैसे चाळीसही घरं भरतात. घराच्या आतली दुरुस्ती त्या सभासदाच्या खर्चाने, सामाईक पाइपांची सोसायटीच्या. तरीही वॉशर सोसायटीने एकत्र आणून प्लंबरकडून एकाच दिवशी सगळीकडे बसवून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. खर्च कोणी करायचा यावर सभा घेत बसलात तर पुढचं बिलही असंच येईल.

दुरुस्तीनंतर रोज एकाच वेळी मीटरचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका. काळे आकडे हजार लिटरचे, लाल त्याहून लहान. आठवडाभरात रोजचा वापर कळतो, आणि तरीही आकडा ३० हजारांच्या वर राहिला तर मीटर तपासणीचा अर्ज करताना हेच फोटो जोडा.